संध्याकाळचा रकाना

पौषातल्या एका सकाळी सावरटेकच्या शाळेमागे ट्रक येऊन लागला आणि दोन वर्षं तिथे पडून असलेले विजेचे खांब त्यात चढू लागले. त्या खांबांवर गावातल्या बायकांनी गोधड्या वाळवल्या होत्या, म्हाताऱ्यांनी बसून उन्हं खाल्ली होती, एका कुत्रीनं तर त्यांच्या आडोशाला दोनदा पिल्लं वाढवली होती. पण सगळं गाव मनातून धरून चाललं होतं, की खांब आपले आहेत, आज ना उद्या उभे राहतील, गावाला उपकेंद्र होईल आणि रोज संध्याकाळी सहाला जाणारी लाईट जायची थांबेल. आता चार हमाल तेच खांब उचलून नेत होते आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. बघे मात्र पंचवीस-तीस जमले होते.

लोटन पाटील खांद्यावर फावडं टाकून शेतात निघाला होता. तो थांबला. पन्नाशी उलटलेला, अंगानं काटकुळा, मानेचा मागचा भाग उन्हानं चामड्याचा झालेला. ट्रकपाशी पितांबर लाईनमन बिडी ओढत उभा होता. गावचाच पोरगा, लोटनच्या भावकीतला.

"पितांबर, कोठे लई चालनात रे ह्या खांब?"

"नरडाणाले, आबा. तठे कारखानासले लाईन टाकनी शे. उपकेंद्र बी तठेच जाई राहिनं."

"आनि आपलं गाव?"

"आपला गावले आते गरज नही. वर चक्क्या शेतस ना अकरा."

लोटननं वर पाहिलं. म्हसाळीच्या पठारावर अकरा पवनचक्क्या पांढऱ्याफेक उभ्या होत्या. एकीचंही पातं हलत नव्हतं. "त्या संध्याकायले फिरतस का? तू सांग. तू तर लाईनमन शे."

"फिरोत का नही फिरोत, कागदवर फिरतस," पितांबरनं बिडी खांबावर विझवली. "तुमनीच वहीमा लिखेल शे ना, आबा. रोज संध्याकायले वारा शे म्हनीसन. साहेब सांगी राहिंता. सावरटेकना म्हातारानी वही नसती ते इतलं काम व्हतंच ना, म्हने."

पितांबरच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट आबांचं नाव साहेबाच्या तोंडी आलं, याचं त्याला कौतुकच होतं. लोटननं मात्र फावडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. तो तसाच पुढं निघाला आणि शेताचा बांध आला तरी तो ओलांडायचं त्याला भान राहिलं नाही.

ती वही पाच वर्षांपूर्वीची. तेव्हा पठारावर एक उंच लोखंडी नळ उभा केला होता, त्याच्या टोकाला तीन वाट्या वाऱ्यानं गरगर फिरायच्या आणि खाली पेटीत काटा हलायचा. वीज कचेरीतल्या गर्गे नावाच्या साहेबांना रोज तीनदा तो काटा पाहून वहीत आकडा लिहिणारा माणूस हवा होता. सातवी शिकलेला आणि रोज पठारावर जाणारा असा माणूस गावात एकच निघाला.

लोटन पठारावर रोज जायचा, कारण गावची खळी तिथे होती. सावरटेक वसलेलं खोऱ्यात. खाली पानही हलत नाही. म्हणून बापजाद्यांपासूनची रीत अशी, की दादर ज्वारी असो, बाजरी असो, गहू असो, मळणी झाली की गाडीत भरून माल पठारावर न्यायचा आणि तिथल्या वाऱ्यावर उफणायचा. अन् उफणायला लोटनसारखा दुसरा नाही. तीन पायांच्या तिवईवर तो वाऱ्याला पाठ देऊन उभा राहिला, की वारा मानेला लागताच त्याचे हात आपसूक वाकायचे आणि पाटीतून दाण्यांची धार सुटायची. दाणे पायाशी, भूस पाच हात लांब. लोक म्हणायचे, लोटन आबाला मागून डोळे आहेत.

उफणणाऱ्यांच्या लेखी दिवस वाऱ्यावर चालतो, घड्याळावर नाही. हिवाळ्यात-उन्हाळ्यात वारा दुपारी उठतो आणि दिवस कलला की पडतो. पडला की तिवईवरून उतरायचं. पडलेल्या वाऱ्याविषयी कुणी बोलतसुद्धा नाही, कारण तो वाराच नव्हे. वहीत तीन रकाने होते: सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात. पहिला आठवडा लोटन संध्याकाळी सातपर्यंत वर थांबला, काटा निपचित पडलेला पाहिला आणि रकाना कोरा ठेवून खाली आला. नसलेल्या वाऱ्याचं लिहायचं काय?

गर्गे साहेबांनी वही पाहिली आणि खेकसले, "हे काय? रकाने रिकामे? म्हणजे तुम्ही वर आलाच नाहीत."

"मी वर ऊंतू ना, साहेब. वारा नव्हता."

"ते मला सांगू नका. पुन्हा रकाना रिकामा दिसला तर दुसरा माणूस बघतो."

शून्य लिहा, असं कुणी सांगितलं नाही, आणि शून्य लिहायचं लोटनला सुचलं नाही. त्यानं आपल्याच अकलेनं वाट काढली. संध्याकाळचा वारा म्हणजे कोणता? तर तिवईवरून उतरण्याआधी मानेला लागलेला शेवटचा. तो चार-साडेचारचा. उफणणारा सगळा गाव त्यालाच संध्याकाळचा वारा म्हणतो. तेव्हापासून तो आकडा त्यानं संध्याकाळच्या रकान्यात लिहायला घेतला. यात लबाडी होती का? थोडी होती. सातपर्यंत वर थंडीत कुडकुडत बसायचं वाचलं, हे त्यालाही कळत होतं. तीन वर्षं एकही रकाना रिकामा राहिला नाही. गर्गे साहेबांनी त्याला एक छत्री बक्षीस दिली. ती छत्री तो मोठ्या ऐटीत वापरत होता.

त्या दिवशी शेतात त्यानं बायकोला काही सांगितलं नाही. धुरपदाबाई गुडघाभर चिखलात उभी राहून वाफ्याचं तोंड फोडत होती. सकाळी तीन तास मोटार चालायची. तेवढ्यात पाणी चौथ्या वाफ्यापर्यंत पोचायचं आणि शेताकडची लाईट जायची. संध्याकाळी सहा ते दहा तर गावात काळोख ठरलेलाच. दहानंतर लाईट आली तरी तिच्यात दम नसायचा, मोटार नुसती घुमायची आणि कोणाची ना कोणाची जळायची. गव्हाला ओंबी धरायची वेळ होती आणि तीन एकरांतला निम्मा गहू तहानलेला उभा होता.

"खांब गयात म्हने?" धुरपदाबाईनं विचारलं.

"हां."

"सुकदेवले आते काय सांगानं?"

लोटननं पुढच्या वाफ्याचा बांध फावड्यानं चेपायला घेतला. सुकदेव त्यांचा एकुलता एक. बायको-पोरीला घेऊन सुरतेला कापडाच्या मागावर कामाला गेला, त्याला चार वर्षं झाली होती. गेल्या दोन्ही दिवाळ्यांना आला की त्या खांबांवर जाऊन बसायचा आणि म्हणायचा, "आबा, संध्याकायनी लाईट चालू व्हऊ द्या. तीन एकरले पानी पुरनं ते मी तठे एक दिन नही राहाव." तिथे एका खोलीत सात जण झोपत होते आणि नातीला बारा महिने खोकला होता. धुरपदाबाई ते खांब येता-जाता हातानं चाचपायची. आपल्या पोराला घरी आणणारी वस्तू म्हणून त्यांच्याकडं पाहायची.

दोन दिवस लोटनला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तो साक्रीला वीज कचेरीत गेला.

जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या होत्या. वर बाकावर त्यानं अकरा ते तीन बसून काढलं. शिपायानं दोनदा पायताणं बाहेर काढायला लावली. गर्गे आता मोठे साहेब झाले होते, वेगळी खोली, काचेचं टेबल. लोटन आत गेला तेव्हा ते मोटारसायकलची किल्ली कानात घालून फिरवत होते. किल्लीला लागलेलं त्यांनी टेबलाच्या कडेला पुसलं आणि म्हणाले, "या, या, पाटील! तुमचीच आठवण काढत होतो."

"साहेब, ती वही चुकेल शे."

"कोणती वही?"

"वारानी. संध्याकायना रकानामा मी सात वाजाना वारा लिखा नही. चार वाजाना लिखा. सात वाजता वारा ऱ्हासच नही, साहेब. तुम्ही रागे भरनात म्हनीसन रकाना भरा मी."

साहेबांची किल्ली थांबली. त्यांनी उठून दार लावलं आणि परत बसले. रागावले नाहीत. लहान पोराला समजवावं तसं बोलू लागले, आणि तेच लोटनला जास्त झोंबलं.

"पाटील, नीट ऐका. संध्याकाळी सहा ते दहा सगळ्या जिल्ह्याची ओढ एकदम वाढते. घराघरांत दिवे, गिरण्या, दुकानं, कारखान्यांची दुसरी पाळी. बाकीचे वीस तास आम्ही भागवतो. त्या चार तासांसाठी मात्र नवी लाईन, नवं उपकेंद्र, बाहेरून महागाची वीज. सगळा खर्च त्या चार तासांचा. आता त्याच चार तासांत डोंगरावर चक्की फिरत असेल, तर तेवढा खर्च वाचला की नाही? तुमच्या वहीनं तो वाचवला. मुंबईपर्यंत तुमचं नाव गेलंय."

"पन ती फिरस ना आषाढमा, साहेब. आषाढमा धो-धो वारा ऱ्हास. आषाढमा मोटार कोन लावस? आम्हले पानी जोयजे पौषमा, आनि संध्याकायले."

"ते मला कळतं," गर्गे म्हणाले.

लोटन त्यांच्याकडं पाहतच राहिला. कळतं? मग एवढं सगळं कशासाठी?

"मंग आते शून्य लिखी द्या. मी सही करस."

"कुठे लिहू? वही गेली. वहीवर अहवाल झाला, अहवालावर मंजुरी आली, मंजुरीवर अकरा चक्क्या उभ्या राहिल्या. ज्यांनी उभ्या केल्या, त्यांना सरकारनं कर माफ केलाय. चक्की उभी राहिली की त्यांचं काम झालं. फिरली काय, न फिरली काय! आता तुम्ही शून्य म्हणताय. म्हणजे तीन वर्षं तुम्ही सरकारला खोटं लिहून दिलंत, असंच ना? तसं लिहून देता?"

लोटनचे हात टेबलाच्या काचेवर होते. ओलं उमटलं तसे त्यानं ते मागे घेतले.

"तुम्ही बोललात ते मी ऐकलं नाही," साहेब हसून म्हणाले. "चहा घ्या. फाल्गुनात मुंबईची मंडळी पाहणीला येताहेत. तुमचा सत्कार ठेवलाय."

चहा आला. लोटननं तो प्यायला, बशीत उरलेलासुद्धा. एसटीत बसल्यावर त्याला त्याचीच शिसारी आली. माणूस तोंडावर थुंकला आणि आपण त्याचा चहा संपवून आलो, साखर चांगली होती असंही वाटलं.

घरी येऊन त्यानं धुरपदाबाईला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. ऐकून तिनं भाकरी तव्यावरच ठेवली, ती करपली.

"म्हंजे सुकदेवनं येनं तुम्हीन थांबाडं."

"माले काय मालूम व्हतं?"

"वारा पडना हाई ते मालूम व्हतं ना? मंग पडना असं लिखानं. इतलं सोपं व्हतं." ती उठली, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि अंगणात उकिरड्यावर फेकून आली. 

माघ असाच गेला. लोटन पहाटे उठून मोटारीपाशी बसायचा. लाईट आली की पळत बारं धरायचा, पाणी वाफ्यात वळवायचा, गेली की उरलेल्या वाफ्यांकडे बघायचा. कांद्याच्या रोपाला धुरपदाबाई हंड्यानं विहिरीचं पाणी घालायची. दहा हंडे झाले की तिची कंबर धरायची आणि ती बांधावर आडवी व्हायची. गव्हाच्या निम्म्या ओंब्या पोचट निघाल्या. चोळून पाहिल्या की हातात नुसतं कुसळ उरायचं. गावात कळायचं ते कळलंच. पारावर लोटन आला की बोलणं थांबायचं. भिकन न्हाव्यानं दाढी करता करता विचारलं, "आबा, आज संध्याकायले कितला वारा शे?" आणि सगळे फिदीफिदी हसले. वस्तरा गळ्याशी होता, लोटनला मानही हलवता आली नाही.

फाल्गुनात सरपंच मोतीलाल घरी आला. चाळिशीचा, पांढरी सफारी, बोटांत तीन अंगठ्या. चक्क्यांसाठी गेलेल्या जागेत त्याची जागा होती, खडीचे ट्रॅक्टरही त्याचेच. तो आजवर कधी आबांच्या पाया पडला नव्हता, आज पडला.

"आबा, गुरुवारले मुंबईना पाव्हना येतस. कंपनीना रतिलालशेठ बी येतस. तुमना सत्कार शे. आनि साहेबनं म्हननं शे, तुमनं उपननं त्यासले दखाडनं. वाराना जानकार म्हनीसन."

धुरपदाबाई आतून म्हणाली, "त्या नही येनार."

"येसू," लोटन म्हणाला. "कितला वाजता?"

"चारले."

"चारले येतीन का त्या?"

मोतीलाल हसला. "मोठा लोक शेतस. सहा-सात ते व्हतीनच."

तो गेल्यावर धुरपदाबाई बाहेर आली. नवऱ्याकडे तिनं अशा नजरेनं पाहिलं, की लोटनला स्वतःच्या बाजूनं बोलणं भाग पडलं. "माले बोलता येत नही. मी बोलनू ते साहेब ऐकत नही. पन भूस खाल पडी ना त्यासना डोयासमोर. सात वाजता. बठ्ठा लोकसमोर. ते कोठे लपाडतीन?"

गुरुवारी सकाळी तिनं आपल्याच गव्हाच्या मळणीची दोन पोती काढून ठेवली आणि पाटीला शेणानं नीट सारवून दिलं. तिनं नवऱ्यासाठी काही मनापासून केलं, ते दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

पठारावर मंडप घातला होता. गादीच्या खुर्च्या, हारांच्या परड्या, रंगीत दिव्यांच्या माळा, पाहुण्यांना गरम होऊ नये म्हणून सहा उभे पंखे. गावातल्या बाया-माणसांना तीनपासून उन्हात बसवून ठेवलं होतं. त्यांच्यासाठी पाण्याचा एक टँकर आणला होता, तो मंडपापुढची धूळ बसवण्यातच संपला. चारला वारा छान वाहत होता. लोटन तिवईजवळ उकिडवा बसून तो मानेवर घेत होता. साडेपाचला वारा मंदावला, सहाला पडला. पावणेसातला मोटारींचा ताफा आला.

आणि ताफा दिसताच मंडपाजवळच्या तीन चक्क्या फिरायला लागल्या.

लोटन उठून उभा राहिला. मानेला काही लागत नव्हतं. मंडपाची झालर हलत नव्हती. पाती मात्र फिरत होती. त्यानं पितांबरला हाताला धरलं. "हाई काय शे?"

पितांबरनं इकडंतिकडं पाहिलं. "लाईनवरथीन करंट लिसन फिराई राहिनात, आबा. उलटी. पंखा फिरस ना घरमा, तशी. त्यानीसाठे चार वाजापाईन आपलं गाव बंद शे."

लोटनच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं. तो थुंकला.

भाषणं झाली. चक्क्यांच्या कंपनीचा गुळगुळीत रतिलालशेठ बोलला. गर्गे साहेब बोलले. संध्याकाळच्या मागणीवर या डोंगरानं तोड काढली, जिल्ह्याचा केवढा तरी खर्च वाचला, आणि हे सगळं एका साध्या शेतकऱ्याच्या प्रामाणिक वहीमुळे. लोटनच्या गळ्यात हार पडला, शाल पडली. प्रामाणिक हा शब्द साहेबांनी तीनदा वापरला. दर वेळी लोटनला वाटलं, आपल्या अंगावर कुणीतरी खरकटं टाकतंय.

मग मोतीलालनं पाटी त्याच्या हातात दिली. लोटननं शाल काढून तिवईवर घडी करून ठेवली, त्यावर पाय दिला आणि चढला. लोक पुढं सरकले. मुंबईचे मोठे साहेब, पिकल्या केसांचे, शांत चेहऱ्याचे, अगदी तिवईजवळ येऊन उभे राहिले. लोटननं पाटी डोक्याच्या वर नेली आणि वाकवली.

दाणे आणि भूस एकत्रच खाली आले. सरळ, दोरी सोडावी तसे. एका ढिगात पडले. थोडं भूस उसळून मोठ्या साहेबांच्या काळ्या बुटांवर बसलं. वर पाती गरगर फिरत होती.

 कुणा बाईच्या हातातल्या बांगड्यांचा आवाज आला, तेवढाच.

"साहेब, देखा," लोटन सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाला. "सात वाजी राहिनात. हाई संध्याकायना वारा शे. वहीमा मी चुकीसन लिखेल व्हतं."

मोठ्या साहेबांनी ढिगाकडे पाहिलं. मग मान वर करून फिरत्या पात्यांकडे पाहिलं. मग पुन्हा ढिगाकडे. लोटन वरून त्यांचा चेहरा बघत होता आणि त्याला स्पष्ट दिसलं, की या माणसाला कळलं आहे. सगळं कळलं आहे. लोटनला एकदम हलकं वाटलं.

साहेबांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं. "आठला धुळ्याला पोचायचंय ना आपल्याला?" ते म्हणाले आणि रुमालानं बूट झटकू लागले.

"एक फोटो, साहेब," वर्तमानपत्राचा फोटोवाला पुढं आला. "पण भुसा उडायला पाहिजे. असा मजा नाही येत."

"उडेल ना," रतिलालशेठ म्हणाला. "पंखा घ्या रे इकडे. दोन घ्या. मागून लावा, फोटोत यायला नको."

मोतीलालनं दुसरी भरलेली पाटी लोटनच्या हातात चढवली. लोटननं ती घेतली नसती. त्यानं उतरायला पाय उचललाही होता. पण पंखे सुरू झाले आणि वारा मानेला लागला. चाळीस वर्षं त्या मानेला वारा लागला, की हातांनी कधी विचारलं नव्हतं कुठला आणि कशाला. पाटी वर गेली आणि वाकली. दाण्यांची धार पायाशी उतरली, भूस पाच हात लांब उडालं, दिव्यांच्या उजेडात सोन्यासारखं चमकलं. लखकन प्रकाश पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सावरटेकच्या लोकांनीसुद्धा वाजवल्या.

पाटी रिकामी झाली तेव्हा कुठे लोटनला कळलं, की आपण काय केलं. तो तिवईवरून कसाबसा उतरला, चक्कीच्या लोखंडी बुंध्याआड गेला आणि भडाभडा ओकला. हार गळ्यातच होता, तो भरला. बुंधा आतून गुणगुणत होता.

आठवड्यानं वर्तमानपत्र आलं. आत अर्ध्या पानावर लोटनचा फोटो, हात वर, भूस उडतंय, मागे पाती. खाली छापलं होतं: सायंकाळच्या वाऱ्यावर धान्य उफणताना सावरटेकचे शेतकरी. मोतीलालनं पंचायतीत तो काचेत लावला. त्याच महिन्यात नरडाण्याचं उपकेंद्र सुरू झाल्याची बातमी आली. ती धुरपदाबाईनं पितांबरकडून ऐकली. फोटो बघायला मात्र ती मुद्दाम पंचायतीत गेली. पदर तोंडाला लावून बराच वेळ बघत राहिली. घरी येऊन म्हणाली, "मानवरना केस उडी राहिनात तुमना," आणि अंग आकसून बाजूला झाली. लोटन आपल्या हातांकडे पाहत बसला. जेवताना तो ते दोनदा धुवायला उठला.

चैत्र लागल्यावर सुरतेहून सुकदेवचं कार्ड आलं. लोटन आतल्या बिनखिडकीच्या खोलीत बल्बाखाली बसून मोठ्यानं वाचू लागला, धुरपदाबाई सुपात गहू निवडता निवडता ऐकत होती. तीस पोती व्हायची तिथे बारा झाली होती.

"तीर्थरूप आबा आणि आईस शिरसाष्टांग नमस्कार. आबा, तुमचा फोटो गावच्या वनादादानं इथे आणला. मी सगळ्या खोलीला दाखवला. खाली संध्याकाळचा वारा असं लिहिलेलं वाचून फार आनंद झाला. म्हणजे आता आपल्याकडे संध्याकाळची लाईट राहते, असं समजतो. मालकाला नोकरी सोडतो म्हणून सांगितलं आहे. खोली महिनाअखेर खाली करतो. वैशाखात आखाजीच्या सणाला आम्ही तिघं कायमचे येतो. पोरगी रोज विचारते..."

पुढचं लोटनला वाचता येईना. धुरपदाबाईच्या हातातलं सूप थांबलं होतं.

"त्याले लिखा," ती म्हणाली. "आजच लिखा. बिचारानी तठली नोकरी बी जाई, आनि आठे बी काही नही."

कोनाड्यात एक कोरं कार्ड होतं. लोटननं पेन घेतलं. तेच पेन, वहीबरोबर मिळालेलं.  मग त्यानं गिचमिड अक्षरात लिहिलं: चि. सुकदेव यास आशीर्वाद. फोटोत मी आहे. वारा पंख्याचा आहे. खांब नेले. इथे संध्याकाळी वारा ० आहे. नोकरी सोडू नको. खोली सोडू नको.

त्या शून्याच्या गोळ्याकडे तो पाहत राहिला. एवढंसं लिहायचं होतं. तीन वर्षं, रोज.

"काय लिखं?" धुरपदाबाईनं विचारलं.

त्यानं वाचून दाखवलं.  खड्यांचा एक छोटा ढीग तिनं सुपाच्या कडेला सरकवला. मग म्हणाली, "आखाजीले ते येऊ द्या. दोन दिन. पोरगीले झोका बांधसू."

कार्डावर तळाशी बोटभर जागा उरली होती. लोटन तिथे लिहायला वाकला आणि वरचा बल्ब गेला. सहा वाजले होते. धुरपदाबाई चिमणी आणायला उठली. तिच्या उजेडाची वाट न पाहता लोटननं अंदाजानंच अक्षरं ओढली: सणाला दोन दिवस या. चिमणी आली तेव्हा त्याला दिसलं, की ओळ तिरकी वर चढत त्या शून्यावरून गेली आहे. ते नीट वाचता यावं म्हणून त्यानं तो गोळा पेन दाबून पुन्हा एकदा गिरवला.